शून्याच्या मागची चार घरं

धुक्याचा नववा दिवस होता. सत्त्याण्णव सालचा जानेवारी. नोएडातल्या त्या सेक्टरचं काम आठवडाभर बंद पडलं होतं. सकाळी मारलेलं प्लास्टर संध्याकाळी बोटाला लागायचं आणि परांचीवर उभ्या माणसाला खालचा माणूस दिसायचा नाही. ज्ञानोबा गवंडी घरी बसून होता. घर म्हणजे जवळच्या गावातल्या चौधरीच्या चाळीतली एक खोली. चहूबाजूंनी सेक्टर पडले तेव्हा मधलं गाव तसंच राहिलं होतं, आणि शेतं गेल्यावर गावाने खोल्यांचं पीक घ्यायला सुरुवात केली होती.

खोलीच्या छताला पंख्याची कडी होती, पंखा नव्हता. ज्ञानोबाने त्या कडीला दोन लाकडी चिपा आवळून बांधल्या होत्या, चिपांमधून दोरी सोडली होती आणि दोरीच्या टोकाला आपला पितळी ओळंबा. भिंत उभी करताना ती सरळ आहे की नाही हे ज्याच्यावरून ठरतं, तोच हा. वरून जाड, खाली निमुळता, पंधरा वर्षं हाताळून गुळगुळीत झालेला. बार्शीहून दिल्लीला येताना त्याने अंथरुणाची वळकटी, थापी आणि हा ओळंबा एवढंच आणलं होतं.

"दार लाव गं, वारं येतंय," तो बायकोला म्हणाला.

विजयाने दार लावलं. स्टोव्ह पेटवायचा राहिला होता, पण स्टोव्हच्या उबेनेही दोरी हलते असं मुलीचं म्हणणं होतं, म्हणून सकाळपासून चहा झाला नव्हता. ती गोधडी पांघरून कोपऱ्यात बसली आणि नवरा आणि मुलगी दोघंही कामातून गेलीत असं तोंडातल्या तोंडात म्हणाली.

अक्षता अकरावीला होती, सायन्सला. शनिवारच्या बाजारातलं डिजिटल घड्याळ हातात धरून ती ओळंब्यासमोर मान वर करून उभी होती.

"सोडा बाबा."

ज्ञानोबाने ओळंबा चार बोटं बाजूला घेऊन सोडला. धक्का न देता, नुसता सोडला. तो जायचा, यायचा. पहिला झोका सोडून दिला आणि मग मोजायला सुरुवात झाली. ज्ञानोबा विटा मोजतो तसा मोठ्याने मोजायचा, वीस झाले की अक्षता बटण दाबायची आणि आकडा वहीत लिहायची.

"पस्तीस पॉइंट सात."

"मघाशी?"

"मघाशी पण पस्तीस पॉइंट सात. त्याच्या आधी पस्तीस पॉइंट आठ."

"मग हाय बरोबर. आता दोरी वाढवू."

दोरी पन्नास सेंटीमीटर, पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे. प्रत्येक लांबीला तीन तीन वेळा. दोरी मोजायचं काम ज्ञानोबाचं. वर चिपांपासून खाली ओळंब्याच्या गाठीपर्यंत तो टेप ताणून धरायचा आणि एका रेघेचाही फरक चालवून घ्यायचा नाही. दुपारपर्यंत त्याची मान अवघडली. विजयाने शेवटी न विचारता स्टोव्ह पेटवला.

आता हे सगळं घरी का, तर शाळेच्या लॅबमध्ये लंबकाचे गोळे सहा आणि वर्गात मुलं बावन्न. फिजिक्सच्या हेमलता मॅडमनी सांगितलं होतं, "रीडिंग घर से करके लाना." घरून करून आणा म्हणजे गाइडमधून उतरवून आणा, हे एक्कावन्न मुलांना न सांगता कळलं. बावन्नावीला कळलं नाही. तिच्या घरात करून आणा म्हणजे करूनच आणायचं असतं. बापाला कुणी सांगितलं की दहा थर चढवून ठेव, तर तो चढवूनच ठेवतो, चढवले असं लिहून ठेवत नाही.

ही शाळाही ज्ञानोबाच्या हातची. तीन वर्षांपूर्वी बांधली तेव्हा मॅनेजरने माहितीपत्रकात छापलं होतं, की शाळा उभारणाऱ्या कारागिरांच्या मुलांना इथे जागा आहे. छापायला काय जातं. पण ज्ञानोबाने तो कागद घडी घालून ठेवला आणि दहावीला मुलीला त्र्याऐंशी टक्के पडल्यावर तो उघडून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या कुणी आणला नाही. मग घ्यावीच लागली.

धुक्यामुळे बंद असलेली शाळा बुधवारी उघडली. हेमलता मॅडम फायली तपासत होत्या. तीन वर्गांचे प्रॅक्टिकल त्यांच्या एकटीच्या गळ्यात होते, नाक सर्दीने लाल झालं होतं, आणि त्या फाइल उघडायच्या, एक मीटरचा आकडा बघायच्या, सही ठोकायच्या. चाळीस पॉइंट एक. सही. चाळीस पॉइंट एक. सही. एक्कावन्न घरांत, एक्कावन्न घड्याळांवर, एक्कावन्न हातांनी सोडलेला लंबक वीस झोक्यांना बरोबर चाळीस पॉइंट एक सेकंदच घेतो, याचं त्यांना नवल वाटलं नाही.

अक्षताच्या फाइलवर पेन थांबलं.

"चालीस पॉइंट नौ?"

"मॅडम, तीन बार किया. वही आया."

मॅडमनी पान उलटून आलेख काढला. आडव्या रेघेवर दोरीची लांबी, उभ्या रेघेवर एका झोक्याला लागलेल्या वेळेचा वर्ग. चार ठिपके होते आणि पट्टी लावून पाहिलं तर चारही एका रेघेत, केसाचाही फरक नाही. पण ती रेघ मागे नेली तर शून्यावर येत नव्हती. शून्याच्या डावीकडे, आलेखाच्या कागदावरची चार बारीक घरं मागे जाऊन ती आडव्या रेघेला टेकत होती.

"लंबाई ज़ीरो तो टाइम ज़ीरो. लाइन ज़ीरो से निकलनी चाहिए. ये पीछे से क्यों आ रही है?"

"पता नहीं मॅडम. पर चारों पॉइंट सीधे हैं."

"बॉब कहाँ से लिया?"

"पापा का साहुल है." ओळंब्याला ती साहुल म्हणायची. बापाचा शब्द तिला कळायचा, तोंडात मात्र इथलाच यायचा.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण थांबवलंही नाही.

"ये फिज़िक्स है बेटा, ईंटों की चिनाई नहीं. शनिवार तक ठीक करके लाओ. साइन नहीं हुई तो प्रैक्टिकल में नहीं बैठोगी, और प्रैक्टिकल नहीं तो सायन्स नहीं. होम सायन्स में सीटें खाली हैं."

वर्गातल्या मुली होम सायन्सला हसून काय म्हणतात ते अक्षताला माहीत होतं. फाइल छातीशी धरून ती जागेवर आली. तिला रडू नाही आलं. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, कारण रेघ शून्यातून जायला हवी हे तिलाही पटत होतं.

विजया संध्याकाळी सोसायटीतल्या एका मराठी घरात पोळ्या करायची. साहेब पद्माकर, पुण्याचे, कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर. त्यांची मुलगी रुचिरा अक्षताच्याच वर्गात. गुरुवारी विजयाने मुलीला सोबत नेलं. वाटेत सांगितलं, "साहेब शिकलेले आहेत. आपल्यातले आहेत. मॅडमशी एक शब्द बोलतील."

पद्माकर माणूस वाईट नव्हता. त्याने अक्षताला सोफ्यावर बसायला सांगितलं, ती बसली नाही तर दोनदा सांगितलं. आलेख दिव्याखाली धरून बघितला.

"डेटा तर सुरेख आहे गं. कुणी घेतला?"

"मी आणि बाबांनी."

"अच्छा. पण शून्यातून जायला पाहिजे ना. हा एरर आहे. आम्ही इंजिनिअरिंगला काय करायचो, सांगू? आधी रेघ मारायची आणि मग तिच्यावर ठिपके बसवायचे." तो हसला. "सगळेच करतात."

"घे ना यार माझी फाइल," रुचिरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "मी पण गाइडमधूनच घेतलंय."

"काका, एरर असेल तर एखादा ठिपका वर जाईल, एखादा खाली. चारही सारखेच कसे चुकले?"

पद्माकरने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली. प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर काढायला इंजिनिअरला दहा मिनिटं पुरली असती. त्याला जमलं नसतं असं मी म्हणणार नाही. ती दहा मिनिटं पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मुलीसाठी खर्च करायची आहेत, हे त्याच्या मनातच आलं नाही.

"इतकं डीप जायचं नाही अकरावीत," त्याने फाइल परत दिली आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला, "विजयाबाई, समजवा हिला. सीट महत्त्वाची की रेघ?"

"हो साहेब," विजया आतून म्हणाली. तिची पोळी तव्यावर करपली. असं तिचं कधी होत नसे.

परत येताना धुक्यात पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. विजया पुढे, मुलगी मागे.

"लिही ना बाई ते म्हणतात तसं. तुझं काय जातंय?"

"आई, मी मोजलंय ते."

"मोजलंस. कुणी बघितलं? मी दिवसभर चहावाचून बसले म्हणून मला माहीत. त्या साहेबाला माहीत नाही, तुझ्या मॅडमला माहीत नाही. आणि ते लोक कशाला तुझ्यासाठी चहावाचून बसतील?" विजयाचा आवाज चढला होता, आणि तो मुलीवर चढलेला नव्हता. "तू होम सायन्सला गेलीस तर काय शिकवणार तुला? पोळ्या? त्या मी शिकवीन."

घरी ज्ञानोबा भिंतीला टेकून बसला होता. त्याने दोघींची तोंडं बघितली आणि ताटं घेतली. जेवणं झाली. मग म्हणाला, "आण तो कागद."

त्याला इंग्रजी येत नव्हतं, आलेख येत नव्हता. पण रेघ त्याला कळायची. त्याने एक डोळा मिटून, विटांचा थर बघतात तसा कागद डोळ्याजवळ आडवा धरला आणि ठिपक्यांवरून नजर फिरवली.

"सरळ हाय की."

"सरळ आहे. पण इथून जायला पाहिजे होती." तिने शून्यावर बोट ठेवलं. "आणि ती इथे जाते. चार घरं मागे. एक घर म्हणजे एक सेंटीमीटर दोरी."

"चारी येळेला तेवढाच फरक?"

"हो. जणू प्रत्येक वेळी दोरी आपण मोजली त्यापेक्षा चार सेंटीमीटर मोठी होती. ती तशी असती तर बिल्कुल बरोबर आलं असतं."

"दोरी मी मोजलीय," ज्ञानोबा म्हणाला. "गाठीपर्यंत. माझी दोरी चुकायची न्हाई."

तो उठला. कडीला अजून ओळंबा लटकत होता, कारण तो काढायला कुणाचा हात धजावला नव्हता. ज्ञानोबा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने गाठ सोडली, ओळंबा तळहातावर घेतला, दोनदा वर खाली केला आणि एकदम खाली बसला.

"थापी दे."

अक्षताने थापी दिली. त्याने ती गुडघ्यांत आवळून धार वर करून धरली आणि ओळंबा तिच्यावर आडवा ठेवला. तो जाड बाजूला कलला. थोडा सरकवला, निमुळत्या बाजूला कलला. पुन्हा सरकवला. शेवटी पितळ थापीच्या धारेवर दोन्हीकडे सारखं तोललं आणि तसंच थांबलं. विजयाही गोधडीतून वाकून बघत होती. ज्ञानोबाने तोललं होतं तिथे खिळ्याने एक ओरखडा काढला.

"माप. गाठ बसते तिथनं हितवर."

अक्षताने पट्टी लावली. तिने दोनदा लावली.

"चार," ती म्हणाली. "बाबा, चार सेंटीमीटर."

ज्ञानोबाने कपाळाला हात लावला. "मीच चुकवलं तुला. कारागीर दोरी मोजतो. पितळ कोण मोजतं? ओळंबा भिंतीला लावायचा, त्याचं वजन कुठं बसतंय हे भिंत कधी इचारत न्हाई. पण झोका घेताना ते वजनच झोका घेतंय गं, दोरी न्हाई."

अक्षता ऐकत नव्हती. ती रेघेचा चढ काढत होती. किती आडवं गेल्यावर किती वर. मग भागाकार. पृथ्वीच्या ओढीचा जो आकडा गाइडमध्ये छापलेला होता, तोच तिच्या कागदावर उतरला. नऊ पॉइंट आठ. दोरी चुकीच्या जागेपासून मोजली होती, पण प्रत्येक वेळी एकाच जागेपासून मोजली होती, म्हणून चढ बिघडला नव्हता. फक्त रेघ सगळी मागे सरकली होती, बरोबर ओरखड्याएवढी. तिने बापाला ते सांगितलं, त्याला निम्मं कळलं, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत राहिली. विजया म्हणाली, "आता तरी चहा ठेवू का?"

चहा पिताना ज्ञानोबा ओरखड्यावरून अंगठा फिरवत होता. मग कपाकडे बघत म्हणाला, "तुझ्या त्या लॅबची मागची भिंत माझी हाय. वर दोन बोटं बाहेर गेली होती. पाया बसायच्या आधीच घाई केली त्यांनी. मी म्हणलं पाडू आणि परत बांधू. इंजिनिअर म्हणला, प्लास्टर में ले लो. घेतलं. खाली जाड, वर पातळ. आता कुणी ओळंबा लावला तर सरळच दिसंल."

"मग?"

"मग काय. मला दिसतीय ना ती." त्याने उरलेला चहा संपवला.

शनिवारी तो मुलीबरोबर शाळेत गेला. वॉचमनने त्याच्या हातातली थापी बघून सांगितलं, मरम्मतवाले पिछले गेट से. "बेटी पढ़ती है," ज्ञानोबा म्हणाला. वॉचमन म्हणाला, ते ठीक आहे, पण थापी आहे तर मागचंच गेट. ते मागच्या गेटने गेले. लॅबच्या दाराशी ज्ञानोबाने चपला काढल्या. ही फरशी त्याने बसवली होती, आणि बसवताना तिच्यावर अनवाणीच चालायचं असतं.

हेमलता मॅडमनी सगळं ऐकलं. हे कबूल केलं पाहिजे. अक्षताने थापीवर ओळंबा तोलून दाखवला, ओरखडा दाखवला, चढ दाखवला. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या, त्यांनी स्वतः पट्टी घेऊन चार सेंटीमीटर मोजले, आणि त्यांचा थकलेला चेहरा एकदम मोकळा झाला. कधीकाळी त्यांनाही हा विषय आवडत असावा. आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा जास्त संताप येतो, कारण त्यांना कळलं होतं.

"समझ गई. शाबाश," त्या म्हणाल्या. "लेकिन फाइल इंस्पेक्शन में जाती है. बावन फाइलों में एक अलग निकली तो जवाब मुझे देना पड़ेगा."

त्यांनी लाल पेन घेतलं, पट्टी शून्यावर ठेवली आणि अक्षताच्या आलेखावर आपली रेघ ओढली. मुलीची निळी रेघ आणि मॅडमची लाल रेघ शेजारी शेजारी वर गेल्या आणि कुठेही भेटल्या नाहीत. मॅडमनी खाली सही केली, तारीख घातली.

"हो गया. सीट बच गई. रख दो वहाँ."

ज्ञानोबा टेबलाजवळ आला. त्याने वाकून, एक डोळा मिटून बघितलं.

"मॅडमजी, इस लाइन पे तो एक भी निशान नहीं है."

"भाई साहब, आप अपना काम देखिए."

ज्ञानोबाने मान वर करून मागच्या भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीवर पाठ करायच्या सूत्रांचा तक्ता लटकत होता.

"वो भी मेरा ही काम है," तो म्हणाला. "टेढ़ी है वो. ऊपर से प्लास्टर मारा है. मुझे बोला था मारो, मैंने मार दिया." त्याने फाइलवर बोट ठेवलं. "मेरी लड़की से मत करवाओ."

मॅडमनी भिंतीकडे बघितलं. काही दिसण्यासारखं नव्हतंच. त्यांनी दुसरी फाइल ओढली.

अक्षता फाइल घेऊन खिडकीजवळच्या बाकावर गेली. निळं पेन काढलं. लाल रेघेच्या खाली, मॅडमच्या सहीला लागून जेवढी जागा उरली होती तेवढ्यात तिने सुवाच्य अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की ही लाल रेघ माझ्या मोजमापातली नाही. माझी रेघ शून्याच्या चार घरं मागून येते, कारण मी दोरी मोजली आणि पितळ मोजलं नाही. ते पितळ आमच्या घरी आहे, कुणीही येऊन मोजावं. खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

मग तिने फाइल ढिगावर न ठेवता मॅडमच्या समोर उघडीच ठेवली.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काटो इसे."

"आपने लाल से लिखा, मैंने नीले से," अक्षता म्हणाली. "आपका मैंने नहीं काटा."

मॅडमच्या हातात पेन होतं. ते वाक्य खोडायचं तर त्याला चिकटलेली स्वतःची सहीही खोडावी लागणार होती, आणि पान फाडायचं तर इन्स्पेक्शनला पान नंबर मोजले जातात. हे त्यांनीच वर्गाला पहिल्या दिवशी बजावलं होतं. पेन थोडा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी टोपण लावलं, फाइल मिटली आणि ढिगाच्या मधोमध, एकसारख्या एक्कावन्न फायलींमध्ये सरकवून दिली.

ज्ञानोबाने ओळंब्याला दोरी गुंडाळली आणि तो खिशात घातला. दाराशी त्याने चपला पायात सरकवल्या, तेव्हा अक्षताने बघितलं की तो पुन्हा त्या भिंतीकडे बघत होता.

"चला बाबा," ती म्हणाली.

ते मागच्या गेटकडे वळले नाहीत. वॉचमन स्टुलावरून उठला, त्याने थापीकडे बघितलं, मुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं गेट उघडलं.